डिलाइटची वही: शर्यतीआधीचे तीन महिने

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचे पाहुणे पांगले आणि आज बाबांनी डिलाइटवरचं कापड काढलं. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. पावसाळाभर जागची हलली नव्हती.

९ फेब्रुवारीला आपल्या भागातल्या जुन्या गाडीवाल्यांनी मिळून शर्यत ठरवली आहे. कोल्हापुरातून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरायचा आणि त्याच वाटेने परत. शर्यत वेगाची नाही, वेळेची. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून देतात. उशिरा पोचलं तर दंड, आणि वेळेआधी पोचलं तर त्याच्या दुप्पट. मोबाईल बंद करून डिकीत ठेवायचा, हातात कागद आणि घड्याळ एवढंच. बाबा चालवणार, मी शेजारी बसून हिशेब सांभाळणार. डॉक्टरकाका त्यांची डुक्कर फियाट घेऊन येणार, तीच, पुढची दारं उलटी उघडणारी.

अंगणात चहाला नाना, डॉक्टरकाका आणि मिस्त्रीकाका होते. ही मंडळी जमली की गाडीच्या कामाइतकाच वेळ एकमेकांच्या फजित्या काढण्यात जातो. लहानपणापासून ऐकत आलेय मी. पण या वेळी ते सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण नाना शहात्तर वर्षांचे आहेत, आणि या प्रत्येक फजितीच्या पोटात एक दुरुस्ती आहे. ती कुठल्याच पुस्तकात नाही. ज्याची थट्टा झाली त्याने तो बिघाड पुन्हा कधी होऊ दिलेला नाही, हे मी पाहिलंय.

आजची स्थिती: बॅटरी मेलेली. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास. डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक आवळून बसलाय. इंजिन हाताने फिरतंय, हे बरं.

१७ नोव्हेंबर, रविवार

टाकी उतरवली, रिकामी केली, धुतली. पेट्रोलची सगळी रबरी नळी बदलली. जुनी नळी चिमटीत धरली तर आतून काळे पापुद्रे सुटत होते. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि १९६८ चं रबर त्याच्यासाठी बनवलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आणि त्याचा चुरा कार्बोरेटरच्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या एसी पंपाचा पडदाही बदलला. इथेनॉल चालणाऱ्या रबराचा मिळाला, मुंबईहून मागवावा लागला.

"आपल्याच उसाचं इथेनॉल," डॉक्टरकाका म्हणाले, "आणि आपल्याच गाडीला बाधलं बघ."

टाकी धुताना अर्थातच साबणाची गोष्ट निघाली. डॉक्टरकाकांच्या धाकट्या भावाच्या लग्नाहून परत येताना गारगोटीच्या अलीकडे दगड उडून टाकीला भोक पडलं होतं. पेट्रोल धारेने गळतंय, मागच्या सीटवर नवी नवरी, आणि रात्रीचे अकरा. मिस्त्रीकाकांनी रुखवताची पेटी उघडायला लावली, त्यातली साबणाची वडी घेतली, पाणी न लावता भोकावर रगडली. गळती थांबली. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. तेवढ्यावर गाडी कोल्हापूरला आली.

"रुखवतातली वडी गेली म्हणून वहिनी अजून ऐकवतात," डॉक्टरकाका.

"ऐकवू द्या की," मिस्त्रीकाका म्हणाले. "नवरीला रस्त्यावर झोपवली असती तर जास्त ऐकवलं असतं."

२४ नोव्हेंबर, रविवार

ब्रेक. चारही ड्रम उघडले. डाव्या मागच्या व्हील सिलिंडरचा दट्ट्या गंजून चिकटलेला. नवीन कप, नवीन तेल, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पेडलवर मी, खाली मिस्त्रीकाका. "दाबा... धरा... सोडा" असं दीड तास. उजवा पाय अजून दुखतोय.

काम संपल्यावर रेडिएटरची जाळी धुताना नानांनी शोलावरम काढलं. सत्तरच्या दशकात कास्टिंगच्या धंद्यापायी ते मद्रासला होते. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली लष्करी धावपट्टी होती, तिच्यावर शर्यती व्हायच्या. आपल्याकडच्या फियाटी त्यात असायच्या, सायलेन्सर काढलेल्या, सीट काढलेल्या, बंपर काढलेले. नाना एका मित्राच्या गाडीचे पान्हे सांभाळायचे. तर या मित्राला कुणीतरी सांगितलं की रेडिएटरचा पंखा इंजिनाची ताकद खातो. खातो हे खरंच आहे. त्याने पंखाच काढून टाकला.

"गाडी पळायला लागली की वारा आपोआप लागतो, बरोबर," नाना म्हणाले. "पण पळायला तर लागली पाहिजे! रेषेवर गाड्या उभ्या, वर मद्रासचं ऊन, आणि पट्टीवर कुणाचं तरी कुत्रं शिरलेलं. झेंडा काही पडेना. पाच मिनिटं, सात मिनिटं. आमच्या बॉनेटमधून वाफ. शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, कॉफी झाली का, एक कप इकडे पण दे."

"आणि मग?"

"मग काय. झेंडा पडला, सगळे गेले, आम्ही कॉफी उकळत बसलो."

नानांना हसू आवरेना, बाबांनाही. पण हसता हसता नाना उठले, आमच्या गाडीच्या पंख्याच्या पात्याला हात लावून पाहिला, पट्टा अंगठ्याने दाबून ढिलाई पाहिली आणि म्हणाले, "अर्धा इंच. याच्यापेक्षा ढिला नको." लिहून ठेवलं.

१ डिसेंबर, रविवार

गिअर. ज्याने कधी फियाट चालवली नाही त्याला हे सांगून पटत नाही. दांडा स्टीअरिंगला, गिअरबॉक्स खाली, आणि मधे सळया, सांधे आणि बुश, म्हणजे सांध्यातल्या कड्या, यांची साखळी. बुश झिजले की गडबडीत गिअर टाकताना दोन सळया एकमेकींत अडकतात. दांडा हलत नाही. मग बॉनेट उघडायचं, स्टीअरिंगच्या मुळाशी हात घालायचा आणि त्या लिव्हर हाताने ओढून जागेवर आणायच्या. मुंबईच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला हे येत होतं.

त्या टॅक्सी आता नाहीत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी, याच फियाटचं पुढचं नाव, गेली. मला त्याचं दुःख वेगळ्याच कारणाने आहे. हजारो टॅक्सी चालत होत्या म्हणून सुटे भाग बनत होते. आता जे दुकानात शिल्लक आहे तेवढंच.

बुश मिळाले नाहीत म्हणून आम्ही ते करवून घेतले. जुना बुश खिशात घालून उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गेले, लेथवाल्याने व्हर्निअर लावून माप घेतलं, गनमेटलच्या कांबीतून तासाभरात सहा काढून दिले. हातात घेतले तेव्हा अजून गरम होते. कडा बोटाला लागू नयेत म्हणून त्याने प्रत्येकाची आतली कड कानशीने मोडली, न सांगता. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा.

बसवताना डॉक्टरकाकांचं "ऑपरेशन" निघणार हे ठरलेलंच. दवाखाना सुटल्यावर रंकाळ्याच्या कोपऱ्यावर त्यांची डुक्कर फियाट पहिल्या आणि रिव्हर्सच्या मधे अडकली. मागे बस, पुढे हातगाडी. काका स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून उतरले, बॉनेट उघडलं, दोन्ही हात कोपरापर्यंत आत. तेवढ्यात त्यांच्या एका पेशंटचा मुलगा सायकलवरून चालला होता. थांबला, आत डोकावला आणि गंभीर तोंडाने विचारलं, "डॉक्टर, वाचेल ना?"

"वाचली की नाही मग?" मी विचारलं, दर वेळी विचारते तसं.

"वाचली. पण तुझे बाबा वीस वर्षं मला सर्जन म्हणतात."

बाबांनी सहा बुश जास्तीचे करायला सांगू का म्हणून विचारलं, डुक्कर फियाटसाठी. काका म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू. अजून चाललंय." मिस्त्रीकाकांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

८ डिसेंबर, रविवार

पहिली चाचणी. पन्हाळा.

गाडी सकाळी सात चाळीसला निघाली. आवाज गोड. शिवाजी पुलापर्यंत बाबा गाणं गुणगुणत होते. वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याच्या चढाला लागलो, दोन वळणं घेतली आणि इंजिन दोनदा अडखळून बंद. वेळ आठ सतरा.

मागून डॉक्टरकाका आले, त्यांच्या शेजारी नाना, मागे मिस्त्रीकाका. तीन माणसं, तीन निदानं.

नाना: पेट्रोलची वाफ झाली. चढ, गरम इंजिन, पंप इंजिनाला चिकटून, वर इथेनॉलवालं पेट्रोल, ते आणखी लवकर उडतं. नळीत वाफ भरली की पंप वाफच ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं टाका.

डॉक्टरकाका: टाकीतला गाळ जेटमध्ये.

मिस्त्रीकाका: "करंट बघा आधी."

नानांनी फडकं ओलं करून पंपावर गुंडाळलं. वीस मिनिटं चहा. सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात चालू. नाना छाती काढून म्हणाले, "१९७४ ला हेच सांगितलं होतं."

"१९७४ ला तुम्ही पंखा काढला होता," डॉक्टरकाका म्हणाले.

गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आलो. उतरताना त्रास नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचं पॅकिंग वाढवलं, नळीला अ‍ॅल्युमिनिअमचा कागद गुंडाळला. पुन्हा पन्हाळा. निघालो सात तीस. बंद पडली आठ अकराला, या वेळी चढाच्या बरंच आधी, सपाटीवर. हवेत गारठा होता, मी शाल पांघरून बसले होते. ओलं फडकं, चहा, पंचवीस मिनिटं, चालू.

नाना गप्प होते. चढ नव्हता.

२१ डिसेंबर, शनिवार

आज पन्हाळ्याला गेलोच नाही. गावातच, रंकाळ्याभोवती फेऱ्या. नऊ पाचला निघालो, नऊ चाळीसला बंद.

रात्री वही उघडून तिन्ही नोंदी एकाखाली एक लिहिल्या. सदतीस मिनिटं. एक्केचाळीस मिनिटं. पस्तीस मिनिटं. एकदा चढ, एकदा सपाटी, एकदा गावातली गर्दी. पेट्रोल तिन्ही वेळा वेगवेगळ्या पंपावरचं. सारखी एकच गोष्ट, चालू झाल्यापासूनचा वेळ.

बाबांना झोपेतून उठवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि लगेच मिस्त्रीकाकांना फोन लावला. अकरा वाजले होते. पलीकडून आवाज आला, "करंट, म्हणत हुतो की न्हाई."

२२ डिसेंबर, रविवार

पुन्हा फेऱ्या मारल्या, मुद्दाम. बंद पडल्या पडल्या मिस्त्रीकाकांनी चहा पिऊ दिला नाही. एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला, "ताई, सेल्फ मारा." ठिणगी होती, पण पिवळी, बारीक, केसासारखी. चांगली ठिणगी निळी असते आणि तडतड ऐकू येते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल काठोकाठ होतं. म्हणजे पेट्रोलचा काही संबंध नव्हता.

डेल्कोची, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डबीची, टोपी उघडली. आत पॉइंटची, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पात्यांची, तोंडं काळी पडून करपलेली. दोषी कंडेन्सर. अंगठ्याएवढी डबी, आत धातूच्या पातळ कागदाची आणि इन्सुलेशनची गुंडाळी, साधारण ०.२ मायक्रोफॅरडची. पॉइंट उघडताना तिथे जी ठिणगी पडू पाहते ती हा गिळतो, म्हणून कॉइलमधली ताकद सगळी प्लगला जाते. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की थंड असताना ठीक, तापला की निकामी. अर्ध्या तासात तापतो, वीस मिनिटांत निवतो. आम्ही ओल्या फडक्याला श्रेय देत होतो, आणि खरं काम चहा करत होता.

नानांनी वही मागून घेतली, तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. "माझ्या आयुष्यात वाफेचा त्रास इतका झालाय की मला सगळीकडे वाफ दिसते," ते म्हणाले. "लिही. नाना चुकले म्हणून लिही." मी लिहिलं. हेही लिहिते की पुठ्ठ्याचं पॅकिंग आणि नळीवरचा कागद आम्ही काढलेला नाही. फेब्रुवारीत फोंडा घाट चढताना तो लागेलच.

२५ डिसेंबर, बुधवार

नवा कंडेन्सर आणला, डबीबंद. पॉइंट नवे, फट ०.४५ मिलिमीटर. गाडी अकरा मिनिटं चालली.

२९ डिसेंबर, रविवार

नवीन मालाचं हे नेहमीचंच, असं मिस्त्रीकाका म्हणतात. डबी चकचकीत, आत काही नाही. नानांनी घरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. त्यात रुईच्या कापसात गुंडाळलेले चार कंडेन्सर, दोन रोटर, कार्बोरेटरचे जेट दोऱ्यात ओवलेले. मद्रासहून परत येताना आणलेले. चारही मीटरवर तपासले, गरम पाण्याच्या पातेल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून पुन्हा तपासले. दोन टिकले. एक गाडीत, एक दस्तपेटीत, म्हणजे वाटेत लागणाऱ्या सामानाच्या पेटीत.

सलग एक तास पन्नास मिनिटं चालवली. बंद पडली नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

मीटरची तपासणी. हायवेच्या दगडांवरून मोजून पन्नास किलोमीटर गेलो, गाडीच्या मीटरने बावन्न दाखवले. म्हणजे आमचं मीटर दर पंचवीसाला एक जास्त सांगतं. वेळेच्या शर्यतीत सगळा खेळ या एकाचा आहे. तीस किलोमीटरच्या सरासरीला खऱ्या किलोमीटरला १२० सेकंद लागतात, आमच्या मीटरच्या किलोमीटरला ११५. छत्तीसला १०० चे ९६. मी पंचवीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचे तक्ते मोठ्या अक्षरात लिहून पुठ्ठ्यावर चिकटवले, हलत्या गाडीत वाचता यावेत म्हणून.

दुपारी नानांनी १९६८ ची आठवण सांगितली. डिलाइटचंच वर्ष म्हणून निघाली. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीला जायची शर्यत सुटली होती. अठ्ठ्याण्णव गाड्या निघाल्या, बहात्तर मुंबईपर्यंत पोचल्या, तिथून चुसान नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला. नाना तेव्हा मुंबईत शिकत होते, कॉलेज बुडवून गाड्या बघायला गेले. "गाड्या कुठल्या, चिखलाचे गोळे होते. एकीची काच नव्हती. ड्रायव्हर गॉगल लावून चालवत आला होता म्हणे."

मुंबईत पहिला आलेला रॉजर क्लार्क, फोर्ड कॉर्टिनामध्ये. ऑस्ट्रेलियात त्याच्या इंजिनाने दगा दिला, तर साथीदाराच्या गाडीचे भाग काढून बसवले. मग मागचा डिफरन्शिअल गेला. रस्त्याकडेला एका माणसाची कॉर्टिना उभी होती, त्याला पटवून त्याचा मागचा अ‍ॅक्सलच विकत घेतला.

"बघा डॉक्टर," मिस्त्रीकाका म्हणाले, "तुमची कुठं उभी करू नका. आमाला काय लागंल सांगता येत न्हाई."

शेवटी शेवटी ल्युसियें बियांकी सित्रोएनमध्ये पुढे होता, सिडनी जवळ आली होती, आणि एक मिनी समोरून येऊन धडकली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क शर्यत सोडून मदतीला थांबला. जिंकला अँड्र्यू कोवन, हिलमन हंटरमध्ये. नाना ही गोष्ट सांगताना हॉपकर्कपाशी नेहमी थांबतात. आजही थांबले, चहाचा कप खाली ठेवला, आणि मग म्हणाले, "तरी दुसरा आला तो."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. काकूंनी मिस्त्रीकाकांच्या हातावर तिळगूळ ठेवताना सांगितलं, गोड बोला आणि आमच्या ह्यांना गिअरचं तेवढं करायला लावा. डॉक्टरकाका: "पुढच्या रविवारी."

१९ जानेवारी, रविवार

पन्हाळा, दोन वेळा वर-खाली, न थांबता. पाण्याचा काटा तीन चतुर्थांशाच्या वर गेला नाही. बाबांनी गडावर पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दस्तपेटी भरली. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, पट्टा. याशिवाय मंडळींनी आपापली फजिती पेटीत टाकली. मिस्त्रीकाकांनी साबणाची कोरडी वडी. बाबांनी हळदीची पुडी, रेडिएटरला बारीक चीर पडली तर पाण्यात टाकायला. हळद चिरेत जाऊन बसते, मैल दोन मैल निभावतं. डॉक्टरकाकांनी सायकलच्या ट्यूबच्या गोल पट्ट्या, पट्टा तुटला तर. नानांनी काय टाकलं ते बघायला सगळे वाकले. ओलं फडकं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

"अजून?" बाबा.

"घाटात वाफ झाली तर? कंडेन्सरवर चहा ओतणार आहात?"

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहा. धुकं. बावीस गाड्या, एकेक मिनिटाच्या अंतराने सोडल्या. आम्ही नवव्या, डॉक्टरकाका चौदावे.

राधानगरीपर्यंत सगळं सुरळीत. दुसऱ्या नाक्यावर चार सेकंद उशीर, तिसऱ्यावर दोन. दाजीपूरच्या जंगलात रस्ता सावलीचा, गार, इंजिन खुशीत. फोंडा घाट उतरताना बाबांनी दुसऱ्या गिअरवर सोडली, ब्रेकला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. खाली पोचल्यावर मी एक चूक केली. वळणाच्या खुणेनंतरचं अंतर खऱ्या किलोमीटरमध्ये धरलं आणि तक्ता मीटरचा वाचला. नाक्यावर अडतीस सेकंद आधी. दुप्पट दंड. बाबा एवढंच म्हणाले, "पुढचा टप्पा सांग."

परतीचा चढ. अर्ध्यावर काटा चढायला लागला, इंजिनाचा आवाज जड. नानांचा पुठ्ठा, नानांचा कागद. एका रुंद वळणावर पाण्याच्या टँकरमागे बारा सेकंद थांबावं लागलं तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर एकदा पोकळ लागला, मग गाडीने पुन्हा ओढ घेतली. वाफच होती ती. फडकं काढावं लागलं नाही, पण मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

घाटमाथ्यावर डुक्कर फियाट रस्त्याकडेला. बॉनेट वर, नाना सावलीत दगडावर बसलेले, डॉक्टरकाका कोपरापर्यंत आत. ते खाली उतरत असतानाच अडकली असणार, आम्ही वर चढत होतो. बाबांनी पाय उचलला. काकांनी बॉनेटमधून डोकं न काढता एक हात बाहेर काढला आणि जोरजोराने पुढे जायची खूण केली. नाना ओरडले, "थांबलास तर बघ! हॉपकर्क व्हायचं नाही!"

गेलो. पुढचे दहा किलोमीटर बाबा एक शब्द बोलले नाहीत.

शेवटचा टप्पा राधानगरीनंतर चोवीस किलोमीटरचा, सरासरी तीस. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या, म्हणून वेग मुद्दाम कमी ठेवलेला. अठ्ठेचाळीस मिनिटांत पोचायचं होतं. सहा सेकंद उशीर. एकूण निकालात आम्ही सातवे.

डॉक्टरकाका तासाभराने आले, इंजिन बोंबलत. गिअर मोकळा झालाच नव्हता. रिव्हर्समधून ओढून काढताना दुसऱ्यात जाऊन बसला तो कायमचा. घाट उतरायचा राहिला, तिथले सगळे दंड डोक्यावर घेऊन ते माथ्यावरूनच परत फिरले होते. दुसऱ्या गिअरवर दाजीपूर, राधानगरी, आणि मग तो शेवटचा टप्पा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ज्या चालीवर निवांत चालत होतं तीच चाल काकांनी धरली, कारण दुसरी धरताच येत नव्हती. ट्रॅक्टर ओलांडायचे नाहीत, मागे राहायचं नाही. नाना शेजारी घड्याळ धरून बसलेले.

नाक्यावरच्या मुलाने कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. अठ्ठेचाळीस मिनिटं, शून्य सेकंद. त्या टप्प्यात बावीस गाड्यांत एकट्या त्यांना शून्य दंड.

बाबांनी काकांना मिठी मारली, ग्रीसच्या हातांसकट. "सर्जन," ते म्हणाले, "गाडी वाचली?"

१० फेब्रुवारी, सोमवार

डिलाइट धुतली. पॉइंट पाहिले, स्वच्छ. हळद, साबण, ट्यूब न वापरता परत आली. फडकं पिशवीतच ठेवलं आहे.

उद्यमनगरात गेले. गनमेटलचे सहा बुश, डुक्कर फियाटसाठी. लेथवाल्याला माप पाठ होतं. संध्याकाळी मिस्त्रीकाका ते घेऊन परस्पर डॉक्टरकाकांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसलेत, रविवारची वाट न बघता.